राखाडी कोटाचा खांदा

इंग्रजी शिकवायचं तर खुनासारखं दुसरं साधन नाही, हे मला तीस वर्षं शाळेत घसा फोडल्यावर कळलं. शाळेत मी कविता शिकवल्या, निबंध शिकवले, पत्रलेखन शिकवलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पोरं पास झाली, पण बाहेर पडल्यावर 'हाऊ आर यू'च्या पुढे कुणाची गाडी सरकली नाही. निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या वरच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी वर्ग काढला, तेव्हा ठरवलं की पुस्तक उघडायचंच नाही. जुने, काळे-पांढरे गुन्ह्याचे सिनेमे दाखवायचे आणि त्यांवर बोलायचं. प्रेमाच्या सिनेमात माणसं उसासे टाकतात. त्यात शिकण्यासारखं काय आहे, डोंबल. गुन्ह्याच्या सिनेमात सगळे सावकाश आणि मुद्द्याचं बोलतात. कुठे होतात, किती वाजता, कोणाबरोबर, दार आतून बंद होतं का. समोरचा एकतर खरं सांगतो नाहीतर खोटं बोलतो, आणि दोन्ही कान देऊन ऐकावं लागतं.

दर शनिवारी दुपारी चारला वर्ग. चाळीस मिनिटं सिनेमा, मग तो थांबवायचा आणि चर्चा. मोडकंतोडकं चालेल, पण इंग्रजीत. मी फळ्यावर पाच शब्द लिहायचो आणि प्रत्येकाने त्यातला एक उचलून स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य करायचं. सिनेमातलं वाक्य चालणार नाही, स्वतःचंच हवं, असा नियम. घोकलेला शब्द रविवारपर्यंत उडून जातो, स्वतःच्या घरात नेलेला टिकतो. टॅक्सी चालवणारा एक जाडगेला गृहस्थ होता, त्याला सगळे ड्रायव्हर म्हणायचे. शब्द कुठलाही असो, त्याचं वाक्य ठरलेलं, 'माय वाइफ इज द सस्पेक्ट.' निवृत्त नर्स होती, ती सगळ्यांची सिस्टर. आणखी चार-पाच जण येऊन-जाऊन.

रफूवाले आले ते वर्ग सुरू होऊन वर्ष झाल्यावर. साठीला टेकलेला, किरकोळ अंगाचा माणूस. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि कॉलरच्या आतल्या बाजूला खोचलेली सुई, जी ते वर्गातही काढायचे नाहीत. खिडकीशी शेवटच्या बाकावर बसले. माझी जीभ फटकळ, ती मला अजून आवरता आलेली नाही. मी म्हटलं, "काय हो, आता या वयात इंग्रजी शिकून कुठे दिवे लावणार?"

ते शांतपणे म्हणाले, "एकदा फोनवर बोलायचंय, मास्तर. तीन महिन्यांनी. एकदाच, पण नीट."

मला वाटलं असेल कुणी नातवंड परदेशात. आजोबांना चार गोड शब्द बोलायचे असतील. मी पुढे विचारलं नाही. विचारायची मला सवय नाही आणि त्याचा मला अभिमानही होता. आता नाही.

त्यांना मी आधीपासून ओळखत होतो, म्हणजे त्यांच्या हाताला ओळखत होतो. लाँड्रीच्या शेजारी, जिन्याखालच्या तिरक्या जागेत त्यांचं दुकान. आत एक उंच स्टूल, टेबलावर दिवा, स्टँडला लावलेलं भिंग, आणि भिंतीवर दोऱ्यांच्या पुड्या. एकदा माझ्या चांगल्या कोटाला कसरीने भोक पाडलं होतं. मी तो त्यांच्याकडे टाकला. परत आला तेव्हा मी खिडकीशी धरून, उलटा करून, चष्मा पुसून पाहिलं. भोक कुठे होतं ते मला सापडेना. मी विचारलं, "होतं तरी कुठे?" ते म्हणाले, "सापडलं तर परत आणा." वर दोरा बाहेरचा वापरलेलाच नव्हता. त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा काढायचा आणि भोकावर उभा-आडवा विणत जायचं, अशी त्यांची रीत. कापडाची जखम कापडानेच भरायची. त्यांचे वडीलही तेच करायचे आणि वडिलांचा एक नियम होता, की गिऱ्हाइकाचं काम दुकानात कितीही पडून राहो, पण रफूवाल्याच्या घरात फाटकं कापड रात्र काढत नाही. सगळ्या गावाचं सांधायचं आणि आपल्याच दारात चिंधी, हे शोभत नाही. हा नियम त्यांनी मला सहज, हसत सांगितला होता. मीही हसलो होतो.

वर्गात ते बोलायला कच्चे होते, पण शब्द गोळा करायला पक्के. वहीत पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायचे, विटनेस म्हणजे साक्षीदार, मोटिव्ह म्हणजे हेतू. तिसऱ्या शनिवारी टॅम्पर आला. सिनेमातला नोकर मेलेल्या मालकाच्या टेबलावरचा पेला धुऊन ठेवतो, त्यावरून. पुराव्याला हात लावणं, त्यात ढवळाढवळ करणं, असं मी समजावलं. ड्रायव्हर म्हणाला, "माय वाइफ टॅम्पर्स माय पॉकेट." वर्ग खिदळला. रफूवाले हसले नाहीत. वर्ग सुटल्यावर माझ्यापाशी आले आणि त्यांनी विचारलं, "मास्तर, 'तिच्या मागे कोणी होतं का', हे कसं विचारायचं?"

मी म्हटलं, "वॉज देअर एनीबडी बिहाइंड हर." आणि वर शहाणपणा, "वा, तुम्ही तर डिटेक्टिव्ह होणार."

ते वाक्य त्यांनी वहीत उतरवलं, दोनदा पुटपुटले आणि गेले. जिन्यात सिस्टरने मला गाठलं. ती त्यांच्याच इमारतीत राहते. म्हणाली, "मास्तर, तुम्हाला काही ठाऊक नाही का? त्यांची पोरगी गेली." मी जिन्याचा कठडा धरून उभा राहिलो. ती सांगत होती आणि मला माझे दोन्ही विनोद आठवत होते.

एकुलती एक मुलगी. दूरच्या देशात एका घरी म्हातारीची सेवा करायला गेली होती. हिवाळ्यात एके सकाळी त्या घराच्या मागच्या जिन्याखाली सापडली. पाय घसरून पडली, असं म्हातारीच्या मुलाचं म्हणणं. घरात आईशिवाय दुसरं कोणी नव्हतं, मी झोपलो होतो, असं त्याने सांगितलं. तिकडे अशा मृत्यूची चौकशी होते. एक अधिकारी सगळं ऐकून घेतो आणि अपघात की आणखी काही ते ठरवतो. घरच्यांनाही फोनवर बोलायची संधी मिळते. पहिल्या फोनला त्यांनी दुभाषी दिली होती. रफूवाले पाच मिनिटं बोलले, दुभाषी तीन वाक्यं बोलली. त्यांनी तिथेच सांगून टाकलं, की पुढच्या वेळी मी स्वतः बोलेन. पोरीने मरायच्या आधीच्या आठवड्यात आईला फोनवर सांगितलं होतं, "आई, म्हातारी बिचारी चांगली आहे. पण तिचा मुलगा सारखा माझ्या मागे मागे असतो. मला त्याची भीती वाटते." हे एवढं त्या अधिकाऱ्याच्या कानावर नीट घालायचं होतं. दुसऱ्यांदा बोलून झालं की फाइल बंद होणार होती.

पुढच्या शनिवारी मी त्यांच्याशी बोलायला गेलो. म्हटलं, "मला माहीत नव्हतं." ते म्हणाले, "म्हणूनच तुमच्याकडे आलो. बाकी सगळीकडे लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. तुम्ही ओरडता. बरं वाटतं." मग मी ओरडणं चालू ठेवलं. त्यांच्या उच्चारांवर ओरडलो, न सांगता मधेच गप्प होण्यावर ओरडलो. माणूस सुधारत होता.

आठव्या शनिवारी तो गोदामाचा सिनेमा आला. एक कारकून गोदामाच्या पायऱ्यांखाली मरून पडलेला असतो, आणि इन्स्पेक्टर त्याचा ओव्हरकोट उचलून दिव्याशी धरतो. कोट फाटलेला. तिथे मी सिनेमा थांबवला आणि नेहमीसारखं विचारलं, "व्हॉट डज धिस टेअर टेल अस?"

सिस्टर म्हणाली, जुना कोट असेल. ड्रायव्हर म्हणाला, बायकोने फाडला असेल. आणि शेवटच्या बाकावरून रफूवाले उभे राहिले. आठ आठवड्यांत स्वतःहून पहिल्यांदा. चष्मा लावून ते पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवून बोलायला लागले. इंग्रजी धडपडत होतं, पण थांबत नव्हतं. खिळ्याला अडकलं तर फाट काटकोनात जाते, ही तशी नाही. पडून घासलं तर कापड विरतं, त्याचा भुगा होतो, इथे भुगा नाही. ही ओढलेली आहे. आधी धागे ताणले जातात, लांब होतात, मग एकेक तुटतो, म्हणून टोकं अशी पिंजारलेली. आणि ओढ मागून आहे. "समबडी होल्ड हिम फ्रॉम बॅक," ते म्हणाले. "अँड ही वॉज गोइंग अवे."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला, का नाही येणार? पुढे सिनेमातला इन्स्पेक्टर अगदी तेच बोलतो, पण त्याला त्याचे लेखक शिकवतात. याला याच्या बोटांनी शिकवलं होतं. मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, एव्हिडन्स. म्हटलं, "आजचा पहिला शब्द. हातच्या काकणाला आरसा नको, तसं. जे वस्तू स्वतः सांगते ते. रफूवाले, पहिलं वाक्य तुमचं. स्वतःच्या आयुष्यातलं."

ते फळ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं. मला वाटलं चक्कर येतेय. सिस्टर उठलीसुद्धा. त्यांनी तिला हाताने थांबवलं, बाकापाशी जाऊन वही उचलली आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, लख्ख पुसलेल्या. खुर्चीवरची गादी, पडदे, टेबलावरचं कापड, सगळं जुनं आणि कुठेही विरलेलं नाही. त्यांच्या बायकोने दार उघडलं. दाराच्या मागच्या खुंटीवर एक राखाडी लोकरीचा बायकी कोट लटकत होता. ते त्याच्याकडेच तोंड करून खुर्चीत बसले होते. मांडीवर भिंग.

"बसा मास्तर," ते म्हणाले. "तुम्ही शब्द चांगला शिकवलात. थोडा उशिरा."

मग त्यांनी सांगितलं. पोरगी गेल्यावर महिन्याने तिच्या सामानाची पेटी आली. पोलिसांनी काही वस्तू ठेवून घेतल्या होत्या. बाकीचं सामान त्या घरच्यांनीच भरून पाठवलं. पेटी दुपारी आली. त्यात कपडे, चपला, आईचा फोटो आणि हा कोट. हा कोट तिला त्यांनीच जाताना करून दिला होता, जुन्या लोकरीचा, अस्तर नवं घालून. तो मागून फाटला होता. डाव्या खांद्याला, बाही जिथे जोडलेली असते तिथून चार बोटं खाली.

"मी काही विचार केला नाही हो," ते म्हणाले. "घरात फाटकं होतं. आणि तिचं होतं. दुमडीतून धागे काढले आणि बसलो. दिवेलागणीच्या आत झालं."

बायको दाराशी उभी होती. तिने पदराने डोळे पुसले नाहीत, काही नाही, सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "यांच्या डोळ्यांना धार लागली होती. सुईत दोरा जाईना. मीच ओवून देत होते."

मी उठून कोटापाशी गेलो. कुणाची परवानगी न घेता खांदा हातात घेतला, खिडकीशी नेला. काही नाही. मी भिंग मागितलं. तरी काही नाही. राखाडी कापड, एकसारखं, खाली वाहत आलेलं. त्यांनी माझ्या हातातून घेतलं, स्वतः पाहिलं आणि म्हणाले, "काल रात्रीपासून बघतोय. मलाही सापडत नाही. बोटं आठवतात की इथे आहे, पण डोळ्यांना दिसत नाही."

"कशी होती फाट?" मी विचारलं. विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं.

"पडद्यावर होती तशी. ओढलेली. हाताला तेव्हाच कळलं होतं, मास्तर. धागे लांब झालेत म्हणून मी ते बोटाने मागे सारत होतो. हाताला कळलं, मला नाही कळलं."

माझं डोकं भडकलं. कुणावर ते मला सांगता येणार नाही. त्या म्हातारीच्या मुलावर, पेटी भरणाऱ्यावर, पोलिसांवर, या माणसाच्या मेलेल्या बापावर आणि त्याच्या नियमावर. मी म्हटलं, "उसवून टाका. आत्ताच्या आत्ता. जशी होती तशी तुम्हाला धागा न् धागा आठवतेय ना? तशीच करा. पाठवून द्या कोट. कोणाला कळणार आहे?"

त्यांच्या बायकोने टेबलाच्या खणातून ब्लेड काढून त्यांच्यासमोर ठेवलं. म्हणजे तिच्याही मनात ते आलं होतं. त्यांनी ब्लेड उचललं. खांदा डाव्या तळहातावर पसरला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होऊन निघून गेली, तरी ते बसलेलेच.

"नको," ते शेवटी म्हणाले. "आता मी उसवलं तर ती फाट माझ्या हातची. तिची नाही. तिसऱ्या शनिवारी काय शिकवलंत? पेला धुणारा नोकर. तेव्हा मी न कळता धुतला. आता कळून सवरून दुसरा पेला ठेवू का तिथे?"

"समोरचा खोटं बोलतोय," मी म्हटलं.

"म्हणून तर," ते म्हणाले. "दोघेही खोटं बोलले तर अधिकाऱ्याने कोणाचं ऐकायचं?"

मी तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि त्या दिवशी एका बापाने मला गप्प केलं. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, रागही आला. लाजेपेक्षा राग जास्त आला. अजूनही वाटतं, उसवायला हवं होतं. मग वाटतं, नाही.

शेवटी कोट आहे तसा पाठवायचं ठरलं, सोबत पत्र. पत्रात काय झालं ते सरळ लिहिलं. रफूवाल्यांनी चौकटीच्या कागदावर त्या फाटेचं चित्र काढलं, कुठला धागा तुटला होता, कुठला ताणला होता, सगळं. ते चित्र मी बघितलंय. चार बोटं जागेत शंभर-सव्वाशे रेघा. इतकं बारकाईने कुणी कुणाचा चेहरा लक्षात ठेवत नाही.

फोनला पाच आठवडे होते. मी वर्गाला सगळं सांगितलं, त्यांच्या परवानगीने, आणि म्हटलं, आता सिनेमा बंद, आपणच चौकशी करायची. ड्रायव्हर अधिकारी झाला. त्याच्या बायकोचा विनोद त्या पाच आठवड्यांत एकदाही निघाला नाही. घरून कोट-टाय घालून यायचा, उन्हातसुद्धा, आणि टेबलामागे बसून खर्जात विचारायचा, "प्लीज स्टेट युवर नेम." सिस्टरने वैद्यकीय शब्द शिकवले. मी रफूवाल्यांच्या शेजारी बसायचो आणि टेबलाखाली मुठी आवळायचो. ते चुकले की ड्रायव्हर म्हणायचा, "टेक युवर टाइम, सर." असं अधिकारी बोलतात का, मला माहीत नाही. सिनेमात तरी बोलत नाहीत.

फोन गुरुवारी दुपारी होता. वाचनालयाची वरची खोली, टेबलावर स्पीकर चालू केलेला फोन, एका बाजूला ते दोघं नवराबायको, दुसऱ्या बाजूला मी. मी मधे बोलायचं नाही, ही अट मी स्वतःवर घातली होती. पलीकडचा अधिकारी वाईट माणूस नव्हता. सावकाश बोलत होता, ड्रायव्हरपेक्षा मऊ. मुलीने आईला काय सांगितलं ते रफूवाल्यांनी सांगितलं, स्वच्छ, न अडखळता. माझ्या एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत असं इंग्रजी माझ्यापुढे कोणी बोललं नव्हतं. मग अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही पाठवलेला कोट तुम्हाला मिळाला तेव्हा होता तसाच आहे का?

"नो सर," ते म्हणाले. "इट वॉज टोर्न. आय मेन्डेड इट."

का, असं त्याने विचारलं. आवाजात आरोप नव्हता, त्याला खरंच कळलं नसावं. हा प्रश्न आम्ही पाच आठवड्यांत एकदाही बसवला नव्हता. आमच्यापैकी कोणाला तो सुचलाच नाही, कारण आम्हाला सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. रफूवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडावर हात ठेवला.

"इट वॉज माय डॉटर्स कोट, सर," ते म्हणाले. "हाऊ कॅन आय कीप इट टोर्न?"

अधिकारी 'आय सी' म्हणाला. मग रफूवाल्यांनी त्यांचं वाक्य विचारलं, पहिल्या महिन्यात वहीत उतरवलेलं. वॉज देअर एनीबडी बिहाइंड हर. अधिकारी म्हणाला, तसा एव्हिडन्स अजून तरी आमच्यासमोर नाही, कोटाची तपासणी होईल. त्या शब्दाला त्यांनी मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, हे त्यांना सुचलं नाही.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. ते पाकीट न फोडता वर्गात घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "तुम्ही वाचा. मला येतं, पण तुम्ही वाचा." मी वाचलं. तपासणाऱ्या तज्ज्ञाने लिहिलं होतं, की आतल्या दुमडीतून काही धागे काढलेले दिसतात, त्यावरून कोटाची कधीतरी दुरुस्ती झाली असावी. परंतु दुरुस्ती इतकी संपूर्ण आहे, की मूळ फाट कुठे होती, केवढी होती आणि कशी झाली, हे सांगणं शक्य नाही. वडिलांनी काढलेलं चित्र पडताळून पाहता येत नाही. त्याखाली अधिकाऱ्याचा निर्णय, अपघाती मृत्यू. त्याखाली दोन ओळी सहानुभूतीच्या.

"ती दुरुस्तीची ओळ परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचली. आवाज फाटला तरी वाचली.

"असं माझ्या बापालाही कोणी लिहून दिलं नव्हतं," ते म्हणाले. पत्राची घडी घातली, खिशात ठेवली, आणि खिडकीशी जाऊन आपल्या बाकावर बसले. चार वाजले होते. ड्रायव्हर, सिस्टर, सगळे माझ्याकडे बघत होते. मी सिनेमा लावला. त्यात काय होतं ते मला आठवत नाही.

वर्ग अजून चालतो. रफूवाले अजून येतात, वाक्य मात्र करत नाहीत, आणि मीही त्यांना विचारत नाही. कोट परत आला. तो पुन्हा दारामागे खुंटीवर आहे. त्यांच्या बायकोने मला सांगितलं, की ते रोज कामावर जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवतात, बरोबर त्या जागी. निदान त्यांना वाटतं की त्या जागी.

दुकानात गोंधळ मात्र व्हायला लागला. एकदा मी माझा जुना कोट द्यायला गेलो होतो, कोपर विरलं होतं म्हणून. तेव्हा लाँड्रीच्या दारात एक बाई तणतणत होत्या. "अहो, हे काय करून ठेवलंय? हे दिसतंय की. तुमचं काम दिसत नाही म्हणून तर सगळे तुमच्याकडे येतात." त्यांच्या करड्या शालीच्या मधोमध लाल दोऱ्याचा रफू होता, बारीक, सुरेख, आणि दहा पावलांवरून दिसणारा.

"दिसू दे," रफूवाले म्हणाले. मान वर न करता.

बाई शाल घेऊन निघून गेल्या, पुन्हा येणार नाहीत अशा. लाँड्रीवाला मला म्हणाला, "मास्तर, समजवा यांना. हात चांगला चाललाय आणि असा वेडेपणा करतात. गिऱ्हाइकं तुटतायत." मी काही समजावलं नाही. माझा कोट टेबलावर ठेवला आणि घरी आलो.

तो कोट मी आता वर्गात घालतो. डाव्या कोपरावर लाल दोऱ्याची दोन बोटं जागा आहे. नवीन कोणी आलं की विचारतंच, "मास्तर, हे काय?" मी सांगतो, इथे फाटलं होतं.